अळीमावशी

अळीमावशीला जेवायला बोलावलं की तिची गाडी वेळेवर यायची, पण मावशी यायची नाही. आम्ही खिडकीतून गाडी पाहायचो, पोळ्या गरम करायला घ्यायचो, आणि दाराची बेल काही वाजायची नाही. शेवटी कोणीतरी पायात चप्पल अडकवून बाहेर जायचं, तर ही बाई ड्राइव्हवेच्या कडेच्या झुडपात कमरेपासून वर गायब झालेली असायची. "आले, आले. याला पाहून घेऊ दे फक्त," असा आवाज झुडपातून यायचा. 'हा' कोण ते विचारायची सोय नव्हती. विचारलं तर जेवण आणखी लांबायचं.

अमेरिकेतल्या आमच्या या ईडन प्रेरीत सगळ्यांकडे काही ना काही असतं. कोणाकडे तलावाकाठचं घर, कोणाकडे क्रिकेटची टीम. अळीमावशीकडे गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग होतं. ते तिनं एका लग्नात घातलेलं मी पाहिलंय, पैठणीवर, मोत्यांच्या सराशेजारी. नोकरी होती सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले बग शोधायची. त्यावरून जो विनोद सुचतो तो प्रत्येकाला सुचायचा. नवीन माणसानं तोंड उघडलं की मावशी हात वर करायची: "दिवसा तेच, संध्याकाळी तेच, हाच ना? ऐकलाय. दुसरा असेल तर सांगा." 'अळीमावशी' हे नाव कॉलनीतल्या पोरांनी ठेवलं. कोणी तिला ते बिचकत सांगितलं, तेव्हा ती इतकी खूष झाली की फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागली.

मी मूळची पुण्याची. पहिल्याच भेटीत तिला 'तुम्ही' म्हटलं, तर तिनं मागे वळून पाहिलं. "कोण आलं मागून? मी एकटीच आहे ना? मग 'तू' म्हण. नागपूरकडं आम्ही देवालाही 'तू' म्हणतो, आणि मी तर त्यालाही मानत नाही." मूळची ती काटोलची. वडील शाळेत मास्तर, घरामागे संत्र्याची चार झाडं. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ उमटते, ती काढणाऱ्या अळीला तिकडे नागअळी म्हणतात. असली पानं दिसली की तोडून टाकायची, हे काम घरातल्या पोरांचं. "एकदा मी पान उन्हासमोर धरलं," मावशी सांगायची, "तर ती आत जेवून राहिली होती. माझ्यासमोर! तोंड हलताना दिसत होतं. आता जेवत्याला कोण उठवतं? मी पान झाडावरच ठेवलं आणि बाबांचा मार खाल्ला." पुढे तिनं प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, पोटासाठी कॉम्प्युटर शिकली, अमेरिकेत आली. नवरा लवकर गेला. मुलगा ॲन आर्बरला शिकत होता. नागअळीचं वेड मात्र जिथल्या तिथे राहिलं.

आमच्या टाउनहाउससमोर एक बर्च आहे. पांढऱ्या, कागदासारख्या सोलत जाणाऱ्या सालीचं, तीन खोडांचं झाड. मेच्या अखेरीस त्याच्या नव्या पानांवर तपकिरी फोड आले. मला वाटलं, ऊन लागलं असेल. एका संध्याकाळी खिडकीतून पाहते, तर एक अनोळखी बाई आमच्या झाडाचं पान नाकाला लावून उभी. माझी मुलगी इरा म्हणाली, "मॉम, शी इज टॉकिंग टू अ लीफ." मी बाहेर गेले. त्या बाईनं ना नाव सांगितलं ना माझं विचारलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि पान आभाळासमोर धरलं. "पाहा. आत कोणी राहून राहिलं."

पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीमधला हिरवा गर नाहीसा झाला होता. चिरोट्याचे दोन पापुद्रे सुटावेत तसं ते पान दोन पातळ थर होऊन फुगलं होतं, आणि मधल्या पोकळीत तांदळाच्या दाण्याहून बारीक, पांढुरकी अळी हळूहळू पुढे सरकत होती. मी आठ वर्षं त्या झाडाखालून गेले होते, पण त्याच्या पानाला आतली बाजू असते हे मला माहीत नव्हतं.

"कोणती अळी आहे ही?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. इतक्या आनंदानं 'माहीत नाही' म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या गोतावळ्यात प्रत्येकाला सगळं माहीत असतं, शेअर बाजारापासून ग्रीन कार्डच्या रांगेपर्यंत. मावशीला खरंच पुष्कळ माहीत होतं, पण एखादी गोष्ट पक्की झाल्याखेरीज ती नाव घ्यायची नाही. फोनवरचं ॲप फोटो काढताच नाव सांगतं हे कोणी दाखवलं, तर म्हणायची, "ते सांगतं ना. पण ते चुकलं तर त्याला झोप येते, मला येत नाही."

त्या वर्षी आमच्याकडच्या एका पंगतीत तिनं जो गोंधळ घातला, तो अजून सांगितला जातो. शेवयांची खीर वाढली होती. कोणीतरी सहज विचारलं, "मावशी, तुमच्या बर्चच्या अळीचं काय झालं?" मावशीनं चमचा उचलून खिरीतली एक लांब शेवई दिव्यासमोर धरली. "हे पाहा. काही अळ्यांची विष्ठा रव्यासारखी पडते, दाणेदार. आणि हिची असते बरोबर अशी. लांब, बारीक, गुंतलेली. ओळख तिथंच पटते." बाकीच्यांचे चमचे वाटीत परत गेले. माझा नवरा मंदार हळूच वाटी सरकवून उठला. मावशीनं मात्र ती शेवई खाल्ली आणि दुसरी वाटी मागून घेतली.

पण शेवयांच्या या गोष्टीवर पुढे आमचं झाड अवलंबून होतं. जूनमध्ये आमच्या घरमालकांच्या असोसिएशनची मीटिंग झाली. अध्यक्ष जिम हा निवृत्त, उंच, सभ्य माणूस. हिवाळ्यात तो न सांगता शेजाऱ्यांचा बर्फ काढायचा. त्यानं सांगितलं, की बर्चना पान पोखरणारी कीड लागली आहे, झाडं पाहणाऱ्या कंपनीच्या मते दरवर्षी सगळ्या बर्चच्या मुळांशी औषध ओतावं लागेल, आणि आमच्या दारचं झाड सगळ्यात वाईट अवस्थेत असल्यानं ते काढलेलं बरं. मावशी उठली. ती आमच्या रस्त्यावर नाही, पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिला तिथे बोलायचा अधिकार होता की नाही, कोण जाणे.

"कोणती कीड?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"बर्च लीफमायनर, मॅम."

"हो, पण कोणती? पानं बऱ्याच जणी पोखरतात."

जिमनं कागद पाहिले. कागदात तेवढंच होतं. मग मावशीनं समजावलं. कंपनी जिला धरून चालली आहे ती माशीसारखी काळी कीड, ती एका उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येते, नवी नवी पानं खाते. पण आपल्या पानातली विष्ठा दोऱ्यांसारखी आहे, म्हणजे हा बहुधा एक छोटा पतंग असावा. तो वर्षातून एकदाच येतो. आत्ता जूनमध्ये त्याच्या अळ्या पानातून बाहेर पडून मातीत गेल्यासुद्धा. झाड पुढची पानं चांगली काढेल. औषध ओतलं तर ते रिकाम्या घराला कुलूप लावल्यासारखं होईल. "पण हे मला वाटतं," ती म्हणाली. "मला माहीत नाही. पुढच्या वसंतात पतंग बाहेर आला की कळेल. तोवर थांबा."

जिमनं कागदांची घडी घातली. "पुढच्या मेपर्यंत," तो म्हणाला. "नाव घेऊन या."

तयारी मावशीनं आधीच केली होती. मेमध्येच तिनं फोड आलेली पानं जाळीवर ठेवून खाली मातीची कुंडी ठेवली होती; अळ्या पिकल्या तशा पडून मातीत शिरल्या होत्या. तिच्या तिसऱ्या मजल्यावर जमीन नव्हती, म्हणून ती कुंडी आमच्या बर्चखाली काठापर्यंत पुरली. वर जुन्या ओढणीची जाळी ताणून बांधली. "यांना थंडी पाहिजे. लाड करून घरात आणलंस तर मरतील," असं मला बजावलं. मग पानं गळाली, बर्फ पडला, कुंडी दिसेनाशी झाली, आणि मी खरं म्हणजे ती विसरून गेले. मावशी विसरली नव्हती. जानेवारीत हाडं गोठवणाऱ्या एका दुपारी ती बर्फात उभी दिसली. "काही नाही गं, भेटायला आले होते," म्हणाली. मला नाही, कुंडीला.

मार्चच्या सुरुवातीला सासूबाई पुण्याहून आल्या. थंडी संपली असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्या आल्यावर दुसऱ्याच दिवशी गुडघाभर बर्फ पडला. आम्ही दोघं कामात, इरा शाळेत. सासूबाई दिवसभर शाल गुंडाळून खिडकीशी बसायच्या. तिथे त्यांना मावशी दिसली, बर्फ उकरताना. मी तिला आत बोलावलं, चहा टाकला.

सासूबाईंनी तिला नीट न्याहाळलं, गाव विचारलं, नोकरी विचारली, आणि मग जो प्रश्न येणार हे मला चहाच्या पहिल्या उकळीपासून ठाऊक होतं, तो विचारला. "आणि आडनाव काय तुमचं?"

"मेश्राम," मावशी म्हणाली. "सुजाता मेश्राम. माझं कळलं, काकू. कुंडीतल्या बाईचं अजून कळायचं आहे. तुम्ही दिवसभर खिडकीतच असता ना? मग लक्ष ठेवाल का? मला भरवशाचं माणूस पाहिजे."

मी कपाकडे पाहत राहिले. सासूबाईंनी शालीची टोकं सारखी केली. त्यांना काय वाटलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आयुष्यभर हा प्रश्न विचारल्यावर पुढे काय करायचं हे त्यांचं ठरलेलं असे. इथे पुढची ओळच कोणीतरी बदलली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगा मेश्रामबाई. मी अर्धवट काम करत नाही."

आणि हे काम त्यांनी अर्धवट केलं नाही. बर्फ वितळला तशी त्यांची खुर्ची खिडकीतून पोर्चवर आली. रोज संध्याकाळी मावशीला फोनवर अहवाल जायचा. आज ऊन होतं. आज एक कोळी जाळीवर चढला, त्याला हाकललं. आज एक चिमणी फार सलगी करत होती. अहवालानंतर गप्पा लांबायच्या. मावशीनं त्यांना सावजी मसाल्याचा रस्सा खिलवला, बटाट्याचा, त्यांच्यासाठी म्हणून. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतला. सासूबाईंनी तिला गुळाच्या पोळ्या शिकवल्या. मावशीनं लाटलेली प्रत्येक पोळी फुटली. 'मेश्रामबाई'ची 'सुजाता' कधी झाली, ते आम्हाला कळलंही नाही.

आणि मार्चच्या शेवटी मावशीची नोकरी गेली.

तिच्या कंपनीनं आख्खी टीमच बंद केली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती बातमी ऐकली की प्रत्येक घरात आवाज खाली येतो. थोड्या आठवड्यांत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर इतक्या वर्षांचा संसार गुंडाळायचा. मुलाचं शिक्षण अर्ध्यावर. मावशी आमच्याकडे आली ती हसतच. "मला काढलं, चालतं. पण पतंग निघायच्या आधी देशाबाहेर काढतील, हे काही बरोबर नाही." सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला आत नेलं, दार लोटलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या, तेव्हा मावशीचे डोळे लाल होते. भिंग पुसायचं निमित्त करून तिनं डोळेही पुसून घेतले.

मग तिच्या मुलाखती सुरू झाल्या. वर कोट, खाली ट्रॅक पँट, लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर. तिच्या घरी नेट चांगलं होतं; ती आमच्याकडे का यायची, हे कोणी विचारलं नाही. मुलाखत चालू असताना सासूबाई आम्हाला मिक्सर लावू द्यायच्या नाहीत.

एप्रिलमधल्या एका शनिवारी जयंतीचा कार्यक्रम होता. मावशी आणि तिच्या ओळखीची कुटुंबं दरवर्षी शाळेचा हॉल घ्यायची. यंदा सूत्रसंचालन मावशीकडे होतं. "नोकरी गेली म्हणून माइक थोडाच सोडते?" असं म्हणून ती सकाळीच गेली. लख्ख ऊन पडलं होतं. बर्चच्या कळ्या नुकत्या फुटत होत्या. अकराच्या सुमाराला पोर्चवरून सासूबाईंची हाक आली, अशी, की मंदार जिन्यावरून धडपडत खाली आला. ओढणीच्या आतल्या बाजूला एक कण बसला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि तो कण चालत होता.

मावशीचा फोन अर्थातच बंद होता. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबू. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गाडीची किल्ली घेतली. त्यांनी केशराची पारदर्शक डबी रिकामी केली, केशर चहाच्या बशीत, आणि त्या कणाला हळुवार डबीत घेतलं. वाटभर डबी ओंजळीत. "हळू चालव. त्याला हादरे बसतात."

हॉल भरलेला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, समोर फुलं वाहिलेली तसबीर. वंदना संपून भाषणं सुरू होती. सासूबाई दारात थबकल्या. अशा कार्यक्रमाला त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या. मग दारातल्या एका मुलीनं "या ना आजी" म्हणून हात धरला आणि त्या आत गेल्या, सरळ मधल्या वाटेनं, डबी समोर धरून, स्टेजकडे. मावशीनं माइकवरून त्यांना पाहिलं. तिचं वाक्य तुटलं. "दोन मिनिटं," ती सगळ्यांना म्हणाली, आणि पांढऱ्या साडीच्या निऱ्या सावरत खाली उतरली.

तिनं खिडकीच्या उजेडात डबी धरली, भिंग लावलं. आख्खा हॉल बघत होता. "अगं बाई," ती पुटपुटली. "बाप्पा, बाप्पा! काकू, पाहा तर." सासूबाईंनी भिंगातून पाहिलं. तो कण म्हणजे एक सबंध पतंग होता. डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा झुबका, आणि पंख जांभळे, त्यांवर सोन्याची बारीक टिकली टिकली. सासूबाई पाहतच राहिल्या. "एवढ्याशा जीवाला एवढं जरीकाम," त्या म्हणाल्या. मग लोक उठून आले. रांग लागली. लहान मुलं, नवे आलेले विद्यार्थी, त्या दिवसाचे पाहुणे, सगळ्यांनी भिंगातून पाहिलं, आणि भिंग कोणाच्या हातात किती वेळ द्यायचं ते सासूबाई ठरवत होत्या. आम्ही जेवूनच घरी आलो.

मावशीनं त्या संध्याकाळीही नाव सांगितलं नाही. "घराणं कळलं. नाव नाही." विद्यापीठातल्या एका बाईंना तिनं पतंग पाठवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कळवलं: एरिओक्रॅनिया, वर्षातून एकदाच येणारा, बर्चच्या कळ्यांत अंडी घालणारा. मावशी मेच्या मीटिंगला नाव घेऊन गेली. जिमनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आपण काय करायचं?"

"काही नाही," मावशी म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पण आता का नाही करायचं, ते माहीत आहे."

जिम मोठ्यानं हसला, आणि झाड राहिलं. त्याच आठवड्यात टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या एका कंपनीनं मावशीला होकार कळवला. ती आधी सासूबाईंच्या गळ्यात पडली, मग माझ्या, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "टेक्ससमध्ये बर्च टिकत नाही ना गं, गरमीत?" मुलगा आला, त्यानं तिची गाडी भरली. निघताना ती मागे वळून हात करेल म्हणून आम्ही उभे होतो, पण कोपऱ्यावर गाडी थांबली, मावशी उतरली, तिथल्या झुडपात शिरली, बाहेर आली, गाडीत बसली आणि गेली. सासूबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. नंतर कितीतरी दिवस घर फार नीटनेटकं आणि फार शांत वाटायचं. जेवण वेळेवर व्हायचं, आणि ते कोणालाच आवडायचं नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये मावशी भारतात गेली. काटोलला जायच्या आधी पुण्यात सासूबाईंकडे राहायला उतरली. तिसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला, टेकडीवर फिरायला आलेल्या कोणा अनोळखी माणसाकडून काढून घेतलेला. एका रानटी झुडपाखाली दोन बायका ओणव्या झाल्या आहेत, तोंडं दिसतच नाहीत. एकीच्या गुडघ्यांना वाकायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. फोटोखाली सासूबाईंनी सासऱ्यांसाठी लिहिलं होतं: "आम्हाला उशीर होईल. कुकर लावून घ्या."